शंकर गुरवाचा तिसरा तुकडा

माणूस केंद्रस्थानी ठेवून संगणक घडवायचा, असं एक शास्त्र हल्ली निघालं आहे. आता केंद्रस्थानी ठेवायचा म्हणजे आधी माणूस सापडायला हवा. तो त्यांना पुण्यात सापडला नसावा, कारण एका फेब्रुवारीत त्या शास्त्राची दोन माणसं सात बॅगांसह कोकण रेल्वेच्या नांदगाव स्टेशनवर उतरली आणि टेम्पो करून मसुऱ्याच्या अलीकडच्या आमच्या गावात आली. एक डॉक्टर विश्वेश, म्हणजे सुई न टोचणारे डॉक्टर, आणि दुसरी त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारी इशिता. मुलगी सत्तावीसेक वर्षांची, चेहऱ्याने दमलेली, स्वभावाने चांगली.

मी गावातला निवृत्त गणिताचा मास्तर. इंग्रजी येतं, मालवणी येते, आणि दुपारी काही काम नसतं. एवढ्या तीन गुणांवर मला 'स्थानिक समन्वयक' नेमण्यात आलं. गळ्यात अडकवायला फोटोचं कार्ड मिळालं. गावात मला ओळखत नाही असं कुत्रंसुद्धा नाही, तरी मी ते कार्ड घालून दूध आणायला जात असे.

त्यांचं संशोधन असं होतं. यंत्राला हुकूम द्यायचा तर इंग्रजीसारखं काहीतरी लिहावं लागतं, ते साध्या माणसाला जमत नाही. म्हणून अक्षरं काढून टाकायची आणि रंगीत चित्रांचे तुकडे द्यायचे. हा तुकडा त्या तुकड्याच्या खाचेत बोटाने सरकवून बसवला की झाला हुकूम तयार. असं एक खेळणं त्यांनी टॅबलेटवर बनवलं होतं आणि ते आमच्या नळयोजनेला जोडायचं ठरवलं होतं. खालची वाडी, मधली वाडी आणि वरची वाडी अशा तिन्ही वाड्यांचं पाणी उघडबंद करणाऱ्या व्हॉलांना त्यांनी विजेवर फिरणाऱ्या मोटरी बसवल्या. टाकीत पाणी किती आहे ते सांगणारी एक दांडी टाकीत सोडली. आता गावाने बोटाने तुकडे जुळवायचे आणि पाणी आपोआप सुटायचं. म्हणजे आमचं गाव हे शेवटी गाव नव्हतं, प्रयोगशाळा होती. आम्हाला एवढी वर्षं हे कोणी सांगितलं नव्हतं इतकंच.

आणि त्या प्रयोगशाळेत पाणी सोडणारा माणूस होता शंकर गुरव.

शंकर सकाळी रवळनाथाचा गुरव असतो. देवाला आंघोळ घालतो, फुलं वाहतो, कोणाला काही विचारायचं असेल तर कौल लावतो. साडेनऊला सोवळं सोडून खाकी अर्धी चड्डी चढवतो, खांद्यावर व्हॉलची लांब लोखंडी चावी टाकतो आणि पाणी सोडायला निघतो. बावीस वर्षं हा नेम. माणूस काडीसारखा, बोलणं मोजकं. गुरव म्हणून गावात त्याला मान काय, तर नारळाची अर्धी कवड आणि पंगतीत शेवटचं पान. देवापुढे सगळे त्याला 'शंकर, जरा पटापट आटप' म्हणणार. पण पाण्याच्या बाबतीत तसं नव्हतं. तिथे सरपंचाची बायकोसुद्धा हंडा घेऊन दारात उभी राहून त्याची वाट बघायची. अख्ख्या गावाने वाट बघावी अशी त्याच्या आयुष्यात ही एकच गोष्ट होती, आणि ती त्याला फार आवडायची. तोंडाने कधी बोलला नाही, पण चावी खांद्यावर घेतली की त्याची चाल बदलायची. ते मी रोज बघत होतो.

आमचे सरपंच लवू परब. प्रत्येक गोष्टीत विकास दिसणारा माणूस. ग्रामसभेत ते ताडकन उठून म्हणाले, "ह्यां यंत्र चालला, की जूनपासून पाणी सोडूक माणूस नको. शंकर मोकळो झालो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शंकर मागच्या बाकावर बसला होता. त्याने टाळी वाजवली नाही. मोकळं होणं म्हणजे काय ते त्याला आमच्या आधी कळलं असावं.

आणि गंमत अशी, की ज्या यंत्राने त्याला मोकळं करायचं, त्याची परीक्षा घ्यायला त्यालाच बसवलं. बारा गावकरी निवडले, त्यात शंकर सातवा. आधी संमतीपत्र. चार पानं, बारीक टाईप. मी ते वाचून त्याला मालवणीत सांगायचं होतं. 'या संशोधनात सहभागी झाल्याने आपणास कोणताही धोका संभवत नाही' या वाक्याशी आलो आणि म्हणालो, "शंकर, ह्येच्यात तुका कायएक धोको नाय."

"बरां," तो म्हणाला आणि अंगठ्याने नव्हे, व्यवस्थित सही केली. इशिताने अंगठ्यासाठी शाईचा पॅड आणून ठेवला होता. तो तिने हळूच बॅगेत टाकला.

परीक्षा शाळेच्या जुन्या वर्गात होती. टॅबलेटवर तुकडे मांडलेले. पिवळा तुकडा 'टाकीत पाणी असेल तर'. हिरवा 'सोड'. मग 'नाहीतर' आणि लाल 'बंद कर'. शिवाय सगळं काम थांबवण्यासाठी एक तुकडा, त्याच्यावर समोर धरलेल्या पंज्याचं चित्र. शंकरने तुकडे नीट न्याहाळले आणि सर्वांत वर, सुरुवातीलाच, तो पंजा नेऊन बसवला. यंत्र सुरू व्हायच्या आत बंद पडलं.

"काका, तो शेवटी वापरायचा," इशिता म्हणाली.

शंकर माझ्याकडे वळला. "मास्तरानू, ह्यो देवाचो हात मा? मगे तो आदी नको?"

मागाहून कळलं, बारापैकी नऊ जणांनी पंजा आधी लावला होता. आमच्याकडे देवाचा हात डोक्यावर असल्याशिवाय कोणी चूलही पेटवत नाही. डॉक्टर विश्वेशांनी वहीत लिहिलं, 'चित्रांचा अर्थ लावण्यात वापरकर्त्यांची अडचण.' अडचण वापरकर्त्यांची, चित्र काढणाऱ्याची नव्हे. शास्त्रात एवढी शिस्त लागतेच.

खरी भानगड दुसऱ्या दिवशी झाली. इशिताला कोणीतरी सांगितलं होतं, की माणसाला त्याच्या ओळखीचं उदाहरण द्यावं. म्हणून तिने कौलाचंच उदाहरण घेतलं. "काका, तुम्ही देवाला पाकळ्या लावता ना? उजवी पडली तर होय, नाहीतर नाही. हे यंत्र अगदी तसंच आहे."

शंकरने मान हलवली. "तसा नाय गो बाय. उजवी पडली तर होय. डावी पडली तर नाय. पण पाकळी पडाकच नाय तर?"

"पडली नाही म्हणजे 'नाहीतर'मध्येच आलं की."

"असा कसा? देवान नाय म्हटला तां येगळा आणि देव अजून गप आसा तां येगळा. गप आसा तवसर आपण बसान ऱ्हवाचा. ह्येच्यात बसान ऱ्हवाचो तुकडो खंय आसा?"

बसून राहायचा तुकडा नव्हता. डॉक्टर विश्वेश मोठ्या मनाने हसले. त्यांनी सांगितलं, की यंत्राला एक तर होय असतं, एक तर नाही, आणि शंकरला 'अटींची संकल्पना' समजलेली नाही. निकालाचा तक्ता माझ्या हातात होता. सातव्या सहभागीच्या पुढे मी फुली मारली. पस्तीस वर्षं पोरांच्या वहीत फुल्या मारल्या, हात बसलेला होता. आज विचार केला तर लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही, हेही सांगून टाकतो.

एप्रिलमध्ये उद्घाटन ठरलं. टाकीखाली मांडव, जिल्ह्याहून एक साहेब, हार, खुर्च्यांना पांढरे झगे. सकाळी रीतीप्रमाणे तीनदा लाईट गेली आणि आली. साहेबांनी टॅबलेटवर हिरव्या तुकड्याला बोट लावलं. टाकीतलं पाणी नेमकं दांडीवरच्या खुणेपाशी हिंदकळत होतं. दांडी म्हणाली, पाणी आहे. व्हॉल उघडला. दांडी म्हणाली, नाही. व्हॉल बंद. आहे, नाही, आहे, नाही. तिन्ही व्हॉल दारं आपटल्यासारखे उघडझाप करायला लागले. पाइपात धडाधड हिसके बसले आणि मांडवाशेजारचा जोड सुटून पाण्याचा फवारा थेट साहेबांच्या छातीवर गेला. घरोघरी पाणी पोचवायची योजना होती, ती निदान एका माणसापर्यंत तरी पोचली.

वरच्या वाडीत त्या दिवशी टिपूस आला नाही. नळातून नुसती हवा. माझं घर वरच्याच वाडीत. शेजारची कावेरी रिकामी कळशी घेऊन माझ्या अंगणात आली आणि माझ्या गळ्यातलं कार्ड धरून विचारलं, "ह्यां पिळल्यार पाणी येता काय ओ मास्तर?"

संध्याकाळी शंकरने मोटरी सोडवल्या, जोड बसवला, चावी खांद्यावर घेतली आणि तासाभरात वरच्या वाडीत पाणी आलं. लवू परब सगळ्यांसमोर म्हणाले, "खड्ड्यात गेला यंत्र. आमचो शंकरच बरो." शंकर चावी खांद्यावर टाकून घराकडे वळला. त्या दिवशी त्याची चाल मी पाहिली आणि मनापासून बरं वाटलं.

डॉक्टर विश्वेश मात्र हाडाचे संशोधक. त्यांनी विचारलं, शंकरला जे जमतं ते यंत्राला का जमत नाही? मग तीन दिवस शंकरची मुलाखत. इशिता रेकॉर्डर लावून बसायची. "काका, लाईट येऊन जाऊन झाल्यावर पाणी कधी सोडायचं, हे तुम्हाला कसं कळतं?"

"तसाच कळता."

"म्हणजे काय बघता तुम्ही?"

"तां काय बघान कळाचा न्हय."

"मग?"

"सवयीन." आणि मग तो आपल्या मेव्हण्याच्या लग्नात जेवण कसं कमी पडलं ते सांगायचा. तीन दिवसांत अकरा तासांचं रेकॉर्डिंग झालं आणि त्यात मेव्हण्याचं लग्न संपूर्ण आहे. डॉक्टरांनी निष्कर्ष काढला, की ग्रामीण माणसाला ज्ञान असतं पण ते शब्दांत मांडता येत नाही. याला इंग्रजीत फार सुंदर नाव आहे. मीही मान डोलावली. बिचारा शंकर, त्याला सांगताच येत नाही, असं मला खरोखर वाटलं.

इशिता रडवेली झाली होती. मे महिन्यात तिला पहिला निबंध द्यायचा होता, आणि हातात होतं काय, तर भिजलेले साहेब आणि एक लग्न. एकदा शाळेच्या ओट्यावर बसून ती मला म्हणाली, "सर, चार वर्षं गेली माझी." तिची मला दया आली. हे कारण मी पुढे स्वतःला बऱ्याचदा सांगितलं आहे. ते खरं आहे, पण अर्धंच.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी शंकरबरोबर व्हॉलच्या चेंबरपाशी गेलो. जमिनीत केलेला तो चौकोनी खड्डा, वर लोखंडी झाकण. आमची चाळीस वर्षांची ओळख. त्याच्या मुलीला दहावीला गणित मी शिकवलं, माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत देवाचं तीर्थ तो रोज घरी आणून देत होता. लाईट नुकतीच आली होती. शंकर आता निवांत होता, नोकरी राहिली होती. त्याने चावी अर्धा आटा फिरवली आणि खड्ड्यात उकिडवा बसून पाइपाला कान लावला. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, पेंगतोय. बावीस वर्षं आम्हाला तेच वाटत होतं.

"येवा, मास्तरानू," तो म्हणाला. "कान लावा हय."

मी गुडघे मोडत बसलो. लोखंड गरम होतं. आत फुस्स असा आवाज चालला होता.

"ही हवा. लाईट गेली काय पायपात शिरता. आता सोडलंय तर वरच्या वाडीत हवाच जातली. बसान ऱ्हवा."

बसून राहिलो. पाच-सात मिनिटांनी आवाज बदलला. पेज रटरटायला लागावी तसा.

"आता अर्धी गेली. अजून नाय."

आणि मग एकदम सगळं गप झालं. नुसता थंडावा कानाला लागला. "आता," शंकर म्हणाला आणि उठून चावी पूर्ण फिरवली. "पयली वरची वाडी, मगे मधली, मगे खालची. हवा आसताना काय्येक ठरवचा नाय. होय पण नाय आणि नाय पण नाय."

एवढंच होतं. पण मी गणिताचा माणूस. इतकी साधी, इतकी नेटकी गोष्ट मी आयुष्यात थोड्याच वेळा पाहिली असेल. घरी येईपर्यंत डोक्यात आकृती तयार होती. दांडीने 'आहे' म्हटलं तरी लगेच होय नाही. अर्धा आटा उघड, आवाज ऐक, आवाज आहे तोवर थांब. तिसरा तुकडा. मी आखीव कागदावर दोन रंगांत ती काढली, आवाजाच्या तीन पायऱ्या लिहिल्या, मिनिटं लिहिली आणि चहाच्या आधी इशिताच्या हातात नेऊन दिली. तिचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, आपण काही पुण्यकर्म केलं. डॉक्टर विश्वेश उठून उभे राहिले. म्हणाले, "सर, तुम्ही तर आमचे सहसंशोधक!" पस्तीस वर्षांत मला शिक्षण खात्याने काय म्हटलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी फुगलो. दयेनंतर उरलेलं अर्धं कारण ते हे.

मग मोटरी परत बसवल्या आणि पाइपाला तळहाताएवढी एक डबी चिकटवली, ती आवाज ऐकायची. टॅबलेटवर एक नवा निळा तुकडा आला, 'थांब, अजून ठरलं नाही'. पंज्याचं चित्र काढून टाकलं होतं, कोणी चुकू नये म्हणून बसलेल्या माणसाचं चित्र काढलं. लाईट गेली, आली, पुन्हा गेली. यंत्र बसून राहिलं. आवाज थांबल्यावर त्याने आधी वरच्या वाडीला पाणी सोडलं, मग मधल्या, मग खालच्या. पंधरा दिवस एकदाही चुकलं नाही. कावेरीने कळशी भरून घेतली आणि माझ्याकडे हसून बघितलं.

पुढे डिसेंबरात निबंध परदेशातल्या परिषदेत वाचला गेला आणि त्याला बक्षीस मिळालं. इशिताने त्याची प्रत मला पाठवली. त्यात लिहिलं आहे, की चांगलं यंत्र माणसाच्या चुकांकडून शिकतं, आणि या शोधाचं मूळ सातव्या सहभागीने केलेल्या एका 'फलदायी चुकी'त आहे. सातव्या सहभागीचं नाव नाही. सहभागींची नावं छापायची नसतात, त्यांच्या हितासाठी तसा नियम आहे. इशिताने फोन करून सांगितलं, की तिने खूप प्रयत्न केला. मला ते खरं वाटतं. समन्वयकाला मात्र कसलं संरक्षण नाही, त्यामुळे माझं नाव शेवटी आभारात ठळक छापलं आहे, आडनावासकट.

त्याच्या आधीच, जूनमध्ये, पंचायतीचा ठराव झाला. पाणी सोडायचं काम यंत्राकडे, शंकर गुरव मोकळे. लवू परबांनी सत्कार ठेवला. मला शाल, शंकरला शाल. मला 'मार्गदर्शक' म्हटलं, त्याला 'प्रेरणास्थान'. नारळ दोघांना सारखेच, त्यात भेदभाव नव्हता. मग परब म्हणाले, की ती जुनी चावी आता पंचायतीच्या कचेरीत काचेच्या कपाटात ठेवू, पुढच्या पिढीला कळायला हवं. शंकरने चावी आणली होती. दोन्ही हातांनी दिली. शिपायाने घेतली तेव्हा ती किती जड आहे याचा त्याला अंदाज नव्हता, हातातून सुटता सुटता वाचली. लोक हसले. शंकरही हसला.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी देवळात गेलो. एरवी या वेळेला तो चड्डी चढवून बाहेर पडलेला असायचा. आज सोवळ्यातच होता आणि पुसलेली समई परत पुसत होता. मी खांबाला टेकून बसलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, की परब काही वाईट माणूस नाही, पंचायतीत दुसरं काही काम निघेल, मी शब्द टाकतो. तो समई पुसतच राहिला. मग मी म्हणालो, की डॉक्टर तुझं फार कौतुक करत होते, फक्त तुला सांगता येत नव्हतं म्हणून एवढा उशीर झाला.

शंकरने समई खाली ठेवली. आवाज चढवला नाही.

"मास्तरानू, तीन दिवस मी त्या चेडवाक कायएक सांगूक नाय. तां काय माका सांगूक येय नाय होता म्हणान न्हय." फडक्याची घडी करून त्याने ते खांद्यावर टाकलं. "पायपाक कान लावूक मी दिलंय तो फक्त तुमका. तुमी म्हणान."